नाक्यावरचा इंजिनिअर

सहा वर्षांपूर्वी मी एक शब्द कमी बोललो आणि त्याचे हप्ते अजून फेडतो आहे. दर महिन्याला, केस कापायला गेलो की.

तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून साताऱ्याला परत आलो होतो. एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट टाकलं होतं. म्हणजे लोकांचे गिअर आणि शाफ्ट भट्टीत लालबुंद करायचे, तेलात बुडवायचे आणि कडक करून परत पाठवायचे. केसांसाठी मोती चौकाजवळ एक सलून सापडलं. मालकांना सगळे बापू म्हणतात, मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी गळ्याभोवती कापड आवळता आवळता बापूंनी विचारलं,

"काय करता साहेब?"

"इंजिनिअर आहे."

"कुठनं केलं?"

आणि मी म्हणालो, "पवईला."

आता हे 'पवईला' म्हणजे सहज निघून गेलेलं उत्तर नव्हे. ते वीस-बावीस वर्षं घोटून तयार केलेलं आहे. मी आयआयटी मुंबईचा. पण तसं सरळ सांगितलं की समोरचा एकदम सावरून बसतो, किंवा ओठ आवळून 'असं का' म्हणतो, आणि दोन्ही वेळा पुढच्या गप्पांची वाट लागते. म्हणून आवाज जरा खाली, नजर जरा बाजूला आणि 'पवईला'. मुंबई-पुण्यात हे बरोबर चालतं. समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "पवईला म्हणजे... आयआयटी?" मग आपण फक्त 'हं' म्हणायचं. हा 'हं' फार नाजूक काम आहे. तो ओशाळवाणा वाटला पाहिजे, पण ऐकू गेला पाहिजे. बढाई समोरच्यानं मारायची आणि आपण नुसती कबुली द्यायची, अशी ती सोय.

मी 'हं' तयार ठेवून बसलो. बापूंची कात्री थांबलीच नाही.

"पोवई नाक्यावर? पुतळ्याच्या मागं होतं व्हय कॉलेज?"

सातारकर नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पोवई नाका म्हणजे साताऱ्याचं नाक. शिवाजी महाराजांचा पुतळा तिथं, सगळे रस्ते येऊन मिळतात तिथं, आणि 'नाक्यावर आलोय, तू कुठंयस' हे फोनवरचं वाक्य म्हणायचं तेही तिथंच उभं राहून. पवई आणि पोवई यांच्यात फरक एका काना-मात्रेचा आणि अडीचशे किलोमीटरचा.

"नाही, म्हणजे..." मी सुरुवात केली.

"हलू नका साहेब," बापू म्हणाले. वस्तरा कानामागं होता. कानामागं वस्तरा असताना माणूस मान हलवून नाही म्हणू शकत नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असायला हवी. "आता भुयारी रस्त्यांचं, त्या ग्रेड सेपरेटरचं खोदकाम चाललंय तिथं, त्यात गेलं असंल तुमचं कॉलेज. लय पाडापाडी केली. पर बरं केलंत बगा. गावातच शिकलात, घरचं जेवान मिळालं."

वस्तरा निघेपर्यंत विषय निघून गेला होता. बापू आपल्या सहावीतल्या भाच्याच्या गणिताबद्दल बोलत होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "अहो, मग पुढच्या वेळी सरळ सांगून टाका." सांगणार कसं? एक महिन्यानं खुर्चीत बसल्या बसल्या, 'बापू, मागच्या महिन्यात आपलं जे बोलणं झालं त्यात थोडी दुरुस्ती आहे, मी आयआयटीचा आहे'? इतका निर्लज्जपणा अंगात असता तर पुण्यातच प्रमोशन मिळालं असतं. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. सहा महिन्यांनी तर मी सांगितलं असतं तरी बापूंना ते खोटं वाटलं असतं.

माझ्यासारखे दुखणाईत जगभर आहेत म्हणा. आमच्या वर्गातला एक जण पुढं हार्वर्डला गेला. तो कधीही हार्वर्ड म्हणत नाही, 'बॉस्टनजवळ होतो' म्हणतो. तिथल्या लोकांची ही जुनीच रीत आहे म्हणे. मी त्याला विचारलं, "बॉस्टनजवळ म्हणजे नक्की कुठं? गावाचं नाव सांग की." तर म्हणाला तीच तर पंचाईत आहे, गावाचं नाव केंब्रिज. म्हणजे बिचारा खरं गाव सांगायला गेला तर लोक इंग्लंडातल्या केंब्रिजचा समजणार. एक बढाई टाळायला जावं तर दुसरी पदरात. मला त्याची थोडी दयाही आली आणि थोडा हेवाही वाटला. त्याच्याकडं एकाला दोन आहेत, माझ्याकडं एक होतं तेही नाक्यावर हरवलं. हार्वर्ड १६३६ सालचं, म्हणजे तेव्हा शिवाजी महाराज सहा वर्षांचे. आमची आयआयटी १९५८ ची. मिरवायची म्हटली तरी ती बापूंपेक्षा थोडीच मोठी.

गंमत म्हणजे ज्या चार वर्षांच्या जोरावर हा सगळा तोरा, त्या चार वर्षांत तिथं आयआयटी या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. तिथं सगळेच आयआयटीचे. तिथं पहिला प्रश्न रँक किती, दुसरा ब्रँच कोणती. कॉम्प्युटर सायन्सवाला 'सीएस' म्हणून मोकळा व्हायचा. मी मेटलर्जीचा. मी 'मेटलर्जी' म्हणालो की समोरचा म्हणायचा, "अच्छा, अच्छा. तेही चांगलं असतं." एखाद्याच्या घरी मुलगी पाहायला जाऊन नुसते पोहे खाऊन यावं, तसं ते 'चांगलं असतं'. मग परीक्षा. एए म्हणजे दहा, एबी म्हणजे नऊ, तिथून पायरी पायरीनं डीडी म्हणजे चार, आणि त्याखाली काळोख. साताऱ्यातला ग्रेड सेपरेटर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा लोक त्यात शिरून भलत्याच रस्त्याला बाहेर पडत होते. मला काही नवल वाटलं नाही. मी १९९६ सालीच एका ग्रेड सेपरेटरमध्ये शिरलो होतो आणि कॉम्प्युटरला जायचं म्हणून निघून भट्टीपाशी बाहेर पडलो होतो.

आमच्या आईला मात्र असला काही आजार नाही. तिला विचारावंही लागत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंचं तिकीट फाटायच्या आत त्यांना कळलेलं असतं की ह्यांचा मुलगा आयआयटीचा. एकदा मंडईत मेथीची जुडी वीसची पंधराला मागताना तिनं हे सांगितलं. भाजीवाली मावशी म्हणाली, "मग तर पंचवीस द्या की ओ काकू." आई त्या दिवशी जरा गप्प होती, पण एकच दिवस. आई सलूनमध्ये जात नाही, एवढ्यावर माझं बापूंपाशी निभतंय.

सोसायटीत मात्र आईनंच बातमी फोडली. आम्ही शाहूपुरीत राहतो. राहायला येऊन आठवडा झाला नाही तोच सकाळी सहाला बेल. दारात सोसायटीचे सेक्रेटरी आणि मागं रिकाम्या बादल्या घेतलेले चार सभासद. "साहेब, तुम्ही आयआयटीचे ना? पंप बंद पडलाय." हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. मी पायजम्यावर खाली गेलो. बटण दाबलं. मोटर नुसती घूं घूं करत होती, फिरत नव्हती. मी गंभीर चेहऱ्यानं तिच्यावर हात ठेवला. गरम होती. "गरम आहे," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा घूं. शाफ्टचं पोलाद कोणत्या तापमानाला कसं कडक होतं, यावर मी अर्धा तास बोलू शकलो असतो, पण तिसऱ्या मजल्यावरचे काका साबण लावून बाथरूममध्ये उभे होते आणि त्यांच्या हाका जिन्यातून येत होत्या.

शेवटी वायरमन आला. पंचविशीतला पोरगा, मोटरसायकलच्या डिकीत सगळं सामान. त्यानं मोटरचा आवाज जिन्यातूनच ऐकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "कॅपॅसिटर गेलाय." पाच मिनिटांत नवा बसवला. मोटर फिरली, वर काकांचा आवाज थांबला. सेक्रेटरी माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणाले, "हे आयआयटीचे आहेत बरं का."

पोरगा खूश झाला. "मी बी आयटीआयचाच ओ. कुठल्या ट्रेडला होता तुम्ही?"

सुधारायची ताकद राहिली नव्हती. म्हणालो, "मेटलर्जी. म्हणजे धातूचं काम... भट्टी वगैरे."

त्यानं क्षणभर विचार केला. "वेल्डरच्या जवळपासचं म्हणा की." मग सेक्रेटरींकडं वळून अगदी कळवळून म्हणाला, "मग ह्यांना कशाला उठवलंत ओ? वेल्डरला वायरिंग येत नसतंय. ह्यांची काय चूक न्हाय त्यात."

पदवी घेतल्यापासून इतक्या वर्षांत मला पंप, मिक्सर, इन्व्हर्टर, मोबाईल आणि पुतण्याचं इंटिग्रेशन यावरून निर्दोष सोडणारा तो पहिला माणूस. मी त्याला चहा पाजला.

पुतण्याच्या इंटिग्रेशनचंही तेच. आमच्या वेळी आयआयटीला जायला एकच परीक्षा होती, जेईई. २०१३ पासून मेन आणि ॲडव्हान्स्ड असे दोन मजले झाले. आता पोरं येऊन पर्सेंटाईल आणि नॉर्मलायझेशन विचारतात. मी पाण्याचा ग्लास पुढं करतो. मग ती एकमेकांकडं बघतात. त्यांचं मनातलं वाक्य मला स्वच्छ ऐकू येतं: हा खरंच तिथं होता का?

या बाबतीत मला हेवा वाटतो तो तळमजल्यावरच्या गुरुजींचा. पंच्याऐंशीचे आहेत, रयत शिक्षण संस्थेत शिकले आणि तिथंच आयुष्यभर शिकवलं. नवा माणूस दिसला की काठी टेकवून खणखणीत आवाजात, "मी धनिणीच्या बागेतला." कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये काढलेलं बोर्डिंग तिथं होतं. गुरुजींना मी 'शुक्रवार पेठेजवळ कुठंतरी होतो' असं पुटपुटताना कधी ऐकलेलं नाही. आम्ही भाकरी भाजल्या, आम्ही शेण काढलं, असं छाती काढून सांगतात, आणि ऐकणारा म्हणतो, वा! मी 'आयआयटी' म्हणालो की ऐकणारा म्हणतो, हं. गुरुजींना एकदा माझी अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आमच्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव १९२७ मध्ये महात्मा गांधींनी दिलं. तुमच्या कॉलेजला नाव कुणी दिलं?"

"नाव नाही, पण १९५९ मध्ये कोनशिला पंडित नेहरूंनी बसवली."

"म्हणजे नुसता दगड," गुरुजी म्हणाले, आणि काठी उचलून फिरायला गेले.

त्यानंतर काही दिवस मी ठरवून सरळ सांगत होतो. बँकेत साहेबांनी विचारलं, मी म्हणालो, "आयआयटी मुंबई." साहेबांनी कर्जाच्या कागदांवरून मान वर केली, माझा शर्ट पाहिला, बुटांवरचं भट्टीचं काळं तेल पाहिलं आणि म्हणाले, "मग इथं कसे?" या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते लांब आहे, आणि त्यात आईचं दुखणं, पुण्याची ट्रॅफिक आणि अजिंक्यतारा असं सगळं येतं. मी म्हणालो, "असंच." साहेबांनी कर्ज दिलं, पण जामीनदार एक जास्त मागितला. मी पुन्हा पवईवर आलो.

खरं सांगायचं तर मला लपवायचं नसतंच. लपवायचं असतं तर मी 'मुंबईला' म्हणून गप्प बसलो असतो. 'पवई' हा गळ आहे. टाकायचा आणि बुडबुड्यांकडं बघत बसायचं. साताऱ्याला मासा लागत नाही, ही माझी तक्रार.

परवा, जूनमधल्या रविवारी, सलूनमध्ये शिरलो तर आरशापुढं कंगव्यांच्या शेजारी कंदी पेढ्यांचा पुडा. बापूंनी मला खुर्चीत बसवण्याआधी पेढा हातात ठेवला.

"भाचा लागला साहेब. आयआयटी."

"अरे वा!" मी खरंच उठून उभा राहिलो. "कुठली?"

"मुंबई. पवईला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझा गैरसमज होऊ नये म्हणून, "आपल्या नाक्यावरची न्हाय. मुंबईतली पवई. तिथं मोठं तळं हाय म्हणं."

"असेल," मी म्हणालो.

"मेटलर्जी मिळालं म्हणतोय. तुमी त्याच लायनीतले, भट्टीबिट्टी. चांगलं असतंय का ओ ते?"

गळ्याभोवती कापड आवळलं गेलं होतं. आरशात बापूंचे डोळे भरून आलेले दिसत होते. पंचवीस वर्षांनी कुणीतरी माझ्या ब्रँचसाठी पेढे वाटत होतं.

"फार चांगलं असतं," मी म्हणालो.

बापूंनी पाण्याचा फवारा मारला, मान खाली दाबली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कात्री कानाजवळ आणून हळूच म्हणाले,

"तुमच्या टायमाला क्लास नव्हते ओ साहेब. न्हायतर तुमी बी लागला असता."