टाकी उन्हात तापते, पण त्यानं जंतू मरत नाहीत

सध्या ग्रुपवर फिरतंय की लिजिओनेला (पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जंतू) म्हणजे मोठ्या हॉटेलातल्या एसीचा आजार, मराठवाड्याच्या उन्हात टाकीतले जंतू आपोआप मरतात, आरओ बसवला की विषय संपला. कृपा करून हे पुढं ढकलू नका, यातलं जवळपास सगळंच चुकीचंय.

आधी उन्हाचं बघू. हा जंतू साधारण 20 ते 45 डिग्रीत वाढतो, 50 ला मरायला त्याला तास लागतात, 60 ला काही मिनिटांत मरतो. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीत हात घालून बघा, पाणी गरम लागतं पण चटका बसत नाही, म्हणजे त्याला पाहिजे तेच! त्यात आपल्याकडं कित्येक ठिकाणी नळ आठ-आठ दिवसांनी येतो, मग पाणी साठवून ठेवायचं, तोवर क्लोरीन उडून जातं, तळाला गाळ बसतो, अन् बोअरचं पाणी असलं तर क्षार वेगळेच. एखाद्या हॉस्टेलचा शावर खोलून बघा, पांढरा थर अन् आत बुळबुळीत चिकटा, तिथंच हा राहतो.

एसीचं म्हणाल तर 1976 ला फिलाडेल्फियात हॉटेलातल्या संमेलनाला आलेले 29 जण या आजारानं दगावले, संशय कूलिंग टॉवरवर (मोठ्या एसीचं पाणी गार करणारा टॉवर) होता, तिथून हे डोक्यात बसलं. घरच्या स्प्लिट एसीत तसा टॉवर नसतोच, पण शावर, कारंजं, नळाचं पाणी घातलेला नेब्युलायझर (तोंडाला लावून औषधाचे तुषार देणारं मशीन), जिथं बारीक तुषार उडतात तिथं धोका आहे.

आरओ? अहो हा आजार मुख्यतः तुषार श्वासातून आत गेल्यानं होतो, किचनमधला आरओ बाथरूममध्ये काय करणार?

लॉज, हॉस्टेल, दवाखाना चालवणाऱ्यांनी एक माणूस यासाठी नेमाच. पाइपलाइनचा नकाशा काढायचा, बूच मारून सोडलेले पाइपचे तुकडे कापून टाकायचे, टाक्या झाकायच्या, धुवायच्या, गरम पाणी टाकीत 60 वर ठेवायचं (नळाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पोळेल). सोलर असंल तर पावसाळी ढगात पाणी कोमटच राहतं, तेव्हा हीटरचा बॅकअप लागतोच. बंद खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा सोडायचे, दिवाळीच्या सुट्टीनंतर तर नक्की, अन् शावरचं तोंड काढून पाणी सोडा म्हणजे तुषार उडणार नाहीत.

पन्नाशीपुढचे, सिगारेटवाले, शुगरवाले यांना हा जास्त गाठतो. लॉजवर किंवा दवाखान्यात राहून आल्यावर दोनेक आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरला ते राहणं आधी सांगा, कारण पेनिसिलिन गटाची औषधं याला लागू पडत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं.