‘पोट भरलेल्यांचं ज्ञान’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा पहिल्यांदा डिलीटवरच बोट गेलं होतं, खोटं कशाला बोलू. मग दिवसभर झेरॉक्स काढता काढता डोक्यात तेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या महिन्यात मी मन खंबीर करण्यावर आणि गोल ठरवण्यावर जे लिहिलं होतं त्यावर या भाऊंनी चांगलंच सुनावलंय. ते नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत काँट्रॅक्टवर आहेत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, घरी वडलांचं डायलिसिस सुरू, आणि माझं वाचून त्यांनी 'राज्यसेवा पूर्व, जीएस १३०' (म्हणजे एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाला १३० मार्क) असा कागद भिंतीला चिकटवला, रोज ४ तास असे २१ दिवस अभ्यास करायचं ठरवलं आणि नवव्या दिवशी तुटलं. शेवटी लिहिलंय, "हे पोट भरलेल्यांचं ज्ञान आहे, खंबीर व्हा म्हणजे मुकाट्यानं सहन करा."

आधी २१ दिवसांचं घेतो कारण ती चूक सरळसरळ माझी आहे. २१ दिवसांत सवय लागते हे मी पण ऐकीव लिहून मोकळा झालो होतो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन, त्याने १९६० च्या सुमारास लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. आता यात अभ्यास कुठे आला? आणि ते 'कमीत कमी' तर वाटेतच गळून गेलं. लंडनला फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे खरंच तपासून बघितलं, २०१० च्या आसपास छापून आलं, तर सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यात दिसलं. म्हणजे नवव्या दिवशी तुमचं काहीच तुटलं नव्हतं बाप्पा, मी दिलेलं कॅलेंडर चुकीचं होतं.

आता १३० मार्कांचं. स्पष्ट आणि जरा अवघड गोल ठेवला की माणूस जास्त जोर लावतो हे लॉक आणि लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं दाखवलंय, मी तेवढंच उचललं. पुढचं उचललं नाही, की काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर तोच आकडा उलटा पडू शकतो. १९८९ मधे कॅन्फर आणि ॲकरमन यांनी अमेरिकन हवाई दलात शिकणाऱ्या पोरांना विमानं उतरवण्याचं नियंत्रण कॉम्प्युटरवर करायला लावलं होतं, शिकण्याच्या अगदी सुरुवातीला ज्यांच्यापुढे अवघड टार्गेट ठेवलं त्यांचं काम उलट बिघडलं, कारण निम्मं डोकं टार्गेटकडेच. तुम्ही पॉलिटी (राज्यघटनेचा विषय) पहिल्यांदा उघडताय आणि भिंतीवर १३०. रोज रात्री त्या कागदाने तुम्हाला नापासच केलं असणार. तो कागद काढा. त्या जागी 'मूलभूत हक्कांचे मागच्या पेपरातले प्रश्न कुठून कसे फिरवतात ते शोधणे' असलं काहीतरी येऊ द्या, शिकण्याचं.

आणि ४ तास तर विसराच. फिरत्या शिफ्टवाल्याला घड्याळाचा गोल देणं म्हणजे उन्हाळ्यात कूलर लावून पाणीच न टाकणं. गोलविट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहे, त्याचं म्हणणं असं की 'मी अभ्यास करीन' पेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' हे जास्त वेळा पार पडतं, कारण वेळ आली की आठवणही येते आणि विचार करत बसावं लागत नाही. तुमच्या केसमधे ते अमुक म्हणजे कंपनीची बस. शिफ्ट कोणतीही असो, बस तर लागणारच. बस गेटमधून निघाली की १० प्रश्न सोडवायचे, वाटेतलं खापरी आलं की पुस्तक बंद आणि खुशाल झोपायचं. झोपायचं हे पण प्लॅनमधेच लिहा, नाहीतर झोपलं की अपराधी वाटतं.

पण तुमचा खरा वार 'पोट भरलेल्यांचं' या शब्दात आहे आणि तो बसला. मी लिहिलं होतं की २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, दुकानात पाणी शिरलं, दोन मशीन गेल्या आणि मी "एकट्याने, मनाच्या जोरावर" पुन्हा उभा राहिलो. वाचायला झकास वाटतं. खरं काय झालं सांगू? पंधरा दिवस मी शटर वर करून खुर्चीवर नुसता बसून होतो, चिखलाचा वास येत होता आणि मी मोबाईलवर पत्ते खेळत होतो. मेहुण्याने पंप आणला, त्यानेच पाणी काढलं. त्यानेच ४० हजार दिले, कधी परत देतो विचारलंसुद्धा नाही. समोरचा चहावाला दोन वेळा चहा पाठवायचा आणि पैसे मांडून ठेवत नव्हता. मग एक दिवस एक पोरगी आली, तिने बाइंडिंगला हाताने लिहिलेल्या नोट्स दिल्या होत्या, म्हणे काका, माझ्या मिळतील का? मिळाल्या, भिजलेल्या. दुकानात आडवी दोरी बांधली, चिमटे लावले, पंखा सोडला आणि एकेक पान वाळवत बसलो. त्या दिवशी कुठे जेवण घशाखाली गेलं. पोस्टमधे यातलं काहीच लिहिलं नाही, मेहुण्याचं नाव घ्यायला मला लाज वाटली असावी.

एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं जन्मापासून पुढे कित्येक वर्षं बघितली. गरिबी, घरात भांडणं, दारू, अशी सगळी गणितं विरोधात असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट, मायाळू माणसं म्हणून मोठी झाली, आणि त्यांच्यात सापडलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे त्यांना धरून ठेवणारं कोणीतरी होतं, आजी, शिक्षक, शेजारी, कोणीही. मी हे आधी वाचलेलं होतं हो. तरीही "एकट्याने" लिहिलं.

'मुकाट्यानं सहन करा' हे मात्र मला मान्य नाही. पगार वेळेवर मिळत नसेल, पीएफ कापून भरला जात नसेल तर तिथे मन खंबीर करून काय उपयोग, तिथे सोबतच्या लोकांना घेऊन बोलावंच लागतं. आणि वडलांचं डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवलंय का? डायलिसिस त्यात आहे. रेशन कार्ड, आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे विचारा. माझ्या दुकानात रोज लोक ही कागदं घेऊन येतात, घामाघूम होऊन येतात, मला तर वाटतं निम्मा खंबीरपणा त्या प्लास्टिकच्या फोल्डरमधेच असतो.

पोस्टमधलं २१ दिवस काढून टाकलंय, "एकट्याने" पण खोडलंय, मेहुण्याचा पॅरा घातलाय (त्याला विचारून, तो म्हणे काऊन एवढं लिहून राहिला). बसमधल्या १० प्रश्नांचं कसं होते ते कळवा, नाही जमलं तरी कळवा. जुने पेपर लागत असतील तर सेट काढून ठेवतो, सुट्टीच्या दिवशी नागपुरात बर्डीकडे (सीताबर्डी) आलात की मेसेज टाका.