पिशवीला गाठ आहे म्हणून पिशवीच काढायची?

गेल्या महिन्यापासून आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आधी धाकट्या जाऊबाईंनी पाठवला, मग भाच्याने, मग माझ्यासोबत ड्युटी केलेल्या एका मावशींनी. मजकूर असा: "गर्भाशयात गाठ म्हणजे उद्याचा कॅन्सर. गोळ्या-औषधांनी गाठ जात नाही, पैसे घालवू नका. मुलं झाली की पिशवीचं काही काम उरत नाही. पिशवी काढली की पाळीचा त्रास कायमचा संपतो आणि बाई पुन्हा जोमाने कामाला लागते. उशीर करू नका, प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा."

बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून ही वाक्यं मी बाकड्यावर बसलेल्या बायांच्या तोंडून ऐकत आलेय. मी डॉक्टर नाही. कोणाला कोणता उपचार लागेल ते तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण या मेसेजमुळे बाई तपासणीच्या आधीच निर्णय घेऊन मोकळी होते, आणि ते मला बघवत नाही. म्हणून एकेक वाक्य घेते.

"गर्भाशयात गाठ म्हणजे उद्याचा कॅन्सर."

खोटं आहे. आणि सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलंय. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या भिंतीतला स्नायू एका जागी वाढून झालेला गोळा. तो कॅन्सर नसतो. पाळी सुरू असेपर्यंत अंगातल्या हार्मोन्सवर तो पोसतो आणि पाळी गेली की बहुतेक वेळा आपोआप आक्रसतो. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांच्या पिशवीत लहानमोठी गाठ असते, आणि त्यातल्या कित्येकींना ती असल्याचा पत्ताही नसतो. स्नायूचा कॅन्सर म्हणून एक वेगळा आजार आहे, तो सोनोग्राफीत गाठीसारखा दिसू शकतो. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये ३५० मागे १, असा त्याचा आणि त्याच्या जातीच्या इतर कॅन्सरचा (सार्कोमा) मिळून अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. दुसरे अंदाज याहून बरेच कमी आहेत. हे प्रमाणही ऑपरेशनपर्यंत गेलेल्यांमधलं आहे, गाठ असलेल्या सगळ्या बायकांमधलं नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, किंवा पाळी गेल्यावरही गाठ वाढत राहिली, तर मात्र एक दिवसही घरी बसू नका. पंचेचाळिशीच्या पुढे फार रक्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घेतल्याशिवाय पुढचं काही ठरवायचं नसतं.

एक बाई मला अजून दिसते. दसऱ्याला चार दिवस राहिले होते, केज भागातली बाई, वय असेल ३४. सासूबरोबर आली होती. कॅरीबॅगेत चार घड्या घातलेला सोनोग्राफीचा कागद, घडीवर हळदीकुंकवाचा डाग. "सिस्टर, एका डॉक्टरनं कॅन्सर होईल म्हणून सांगितलंय. आठ दिवसांत पिशवी काढा म्हणले. लेकरं लहान हायत माय." ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, त्यातलेच पैसे ऑपरेशनला घालायचे असं घरात ठरलं होतं. मी कागद उलगडून वाचला. 'बल्की युटेरस', आणि खाली 'इंट्राम्युरल फायब्रॉइड, २.८ बाय २.५ सेंटिमीटर'. एवढंच. म्हणजे पिशवी जरा मोठी, आणि भिंतीत मोठ्या बोराएवढी गाठ. 'बल्की' या एका शब्दाचं आपल्याकडे 'पिशवीला सूज' होतं, सुजेचं 'पिशवी खराब झाली' होतं, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा कॅन्सर झालेला असतो. कागदावर तो शब्द कुठेच नसतो.

तिचा खरा त्रास विचारला तर दोन गोष्टी निघाल्या. पाळी आठ-आठ दिवस, आणि अंगावरून पांढरं जाणं. पांढरं जाण्याचा त्या गाठीशी संबंध नव्हता, ते इन्फेक्शन होतं. आमच्या मॅडमनी तपासून तिला आणि तिच्या नवऱ्यालाही गोळ्या दिल्या. रक्त पाहिलं, हिमोग्लोबिन ७.४, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. धोका तिथे होता आणि त्याबद्दल तिला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. लोहाची इंजेक्शनं आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गुढीपाडव्याला ती परत आली तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ होतं आणि गाठ होती तेवढीच होती.

"गोळ्या-औषधांनी गाठ जात नाही."

यात अर्धं खरं आहे. साध्या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही. पण बाई दवाखान्यात येते ती रक्त जातं, दुखतं, दम लागतो म्हणून, आणि त्यावर औषधं आहेत. ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत घेतल्या तर रक्त जाणं कमी होतं. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणं आणि थोडंफार जाणंही कमी होतं. हार्मोनच्या गोळ्या आहेत. हार्मोन असलेली तांबी आहे, ती बसवली की काही महिन्यांत बहुतेकींची पाळी बरीच हलकी होते आणि ती काही वर्षं काम देते. गाठीने पिशवीची पोकळी वाकडी झाली असेल तर ती तांबी नीट बसत नाही, निसटू शकते, म्हणून आधी सोनोग्राफी बघावी लागते. गाठ लहान करणारी इंजेक्शनंही असतात, पण ती थांबवली की गाठ पुन्हा वाढते आणि जास्त काळ घेतली तर हाडं झिजतात. त्यांचा उपयोग ऑपरेशनच्या आधी दोन-चार महिने रक्त भरून यावं, गाठ आटोक्यात यावी एवढ्यासाठी.

आणि ऑपरेशन म्हणजे पिशवीच काढणं असं कोणी ठरवलं? नुसती गाठ काढता येते. इथे गाठ कुठे आहे याला फार महत्त्व असतं. पिशवी म्हणजे जाड भिंतीची लहानशी खोली समजा. गाठ बाहेरच्या अंगाला असेल (कागदावर 'सबसेरोसल' लिहितात) तर ५ सेंटिमीटरची असूनही रक्ताचा त्रास सहसा होत नाही, फार तर लघवीच्या पिशवीवर दाब येतो. भिंतीत असेल तर 'इंट्राम्युरल'. आतल्या बाजूला, पोकळीत डोकावणारी असेल तर 'सबम्युकोसल', आणि ही दीड सेंटिमीटरची असली तरी रक्ताचे गोळे पाडते, गर्भ टिकू देत नाही. अशी आतली गाठ बहुतेकदा योनीमार्गाने दुर्बीण घालून खरवडून काढता येते. पोटावर टाका नाही, बाई एक-दोन दिवसांत घरी. भिंतीतली किंवा बाहेरची गाठ पोटावरून किंवा दुर्बिणीने काढतात आणि पिशवी शिवून ठेवतात. त्यानंतर नव्या गाठी होऊ शकतात, हे आधी सांगायलाच हवं. पाळी जायला थोडीच वर्षं उरली असतील तर ती शक्यता कमी. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय मोठ्या शहरांत होतो, पण पुढे मूल हवं असलेल्या बाईला तो सहसा पहिल्यांदा सुचवत नाहीत.

म्हणून सोनोग्राफीचा कागद हातात आला की 'गाठ किती मोठी' एवढंच विचारू नका. कुठे आहे, किती आहेत, आणि माझा जो त्रास आहे तो याच गाठीमुळे आहे का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर कितीतरी ऑपरेशनं टळतात.

दुसऱ्या टोकाचाही एक मेसेज येतो, अमुक काढा २१ दिवस घ्या, गाठ गळून पडेल. तसं होताना मी एकदाही पाहिलं नाही. काढा पीत बसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ५ वर आलेलं मात्र पाहिलंय.

"मुलं झाली की पिशवीचं काही काम उरत नाही."

पिशवी काढताना पुष्कळदा बीजांडकोशही काढून टाकतात, आणि बाईला ते माहीतच नसतं. तिशी-पस्तिशीत बीजांडकोश गेले की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती. अंगाची लाही, झोप उडणं, सांधे धरणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. बीजांडकोश ठेवले तरी पिशवी काढलेल्यांची रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अंगठा देण्याआधी हा एक प्रश्न तरी विचारा: बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का?

पिशवी काढली म्हणजे कॅन्सरची भीतीच गेली, हेही सोबत सांगतात. स्तनांचा, बीजांडकोशांचा कॅन्सर पिशवी काढून थांबत नाही. आपल्याकडे बायकांना जास्त होणारा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो, गाठीमुळे नाही. तो लवकर पकडण्यासाठी व्हिनेगरसारखं द्रावण लावून करायची साधी तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे. मोफत, पाच मिनिटांची. त्या तपासणीला दहा हाका मारल्या तर दोघी यायच्या. पिशवी काढायला मात्र दागिना गहाण ठेवून जातात.

"बाई पुन्हा जोमाने कामाला लागते."

हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते आपल्या जिल्ह्यात कोणासाठी बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ऊसतोडीच्या फडावर पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळी, ट्रॅक्टरवर भरणी, राहायला कोप (पाचटाची झोपडी), आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचं कापड वाळवायला जागा नाही. एक दिवस बसलं की खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, दंड. अशा ठिकाणी पाळी ही बाईच्या अंगातली गोष्ट राहत नाही, उचल फेडण्यातला अडथळा होते. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं, सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. ऊस तोडणाऱ्या बायांच्या पिशवीलाच एवढ्या गाठी कशा होतील?

पोटावरून पिशवी काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. ज्या बाया दीड महिन्याच्या आत मोळी उचलायला गेल्या, त्यांचं कंबरेचं दुखणं, टाक्याची जागा फुगणं मी पुढची कैक वर्षं पाहिलं. जोम तर कुठे दिसला नाही.

"उशीर करू नका."

रक्त थांबत नसेल, तासातासाला कापड बदलावं लागत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. एरवी फायब्रॉइड तुम्हाला वेळ देतो. महिने लागतात त्याला वाढायला, कधी वर्षं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याएवढा वेळ त्यात नक्की असतो. तो तुमचा हक्क आहे. आपल्या कागदपत्रांच्या प्रती मागणं हाही हक्कच, आणि महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी असा नियम २०२१ पासून आहे. विनाकारण पिशव्या काढण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं होतं. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. दुसरं मत घ्यायला पुण्याला जावं लागत नाही. अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय) आहे, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय आहे. रांग मोठी असते, दिवस मोडतो, हे मला मान्य आहे. तरीही जा.

पिशवी काढणं चूक असतं असं मी म्हणत नाहीये. माझ्या थोरल्या बहिणीची ४६ व्या वर्षी काढली. पाच-सहा गाठी, पोट पाचव्या महिन्यासारखं, औषधं करून झाली, तांबी निसटली, दोनदा रक्त चढवलं. बायोप्सी झाली, दोन डॉक्टरांची मतं घेतली, बीजांडकोश ठेवले. गाठी पुन्हा होणारच नाहीत अशी खात्री याच एका ऑपरेशनने मिळते, आणि तिला ती हवी होती. ऑपरेशनची तारीखही तिनेच, सुनेचं बाळंतपण उरकल्यावरची, ठरवली. आज ती म्हणते, आधीच करायला हवं होतं. म्हणू दे, तिचा हक्क आहे.

जाऊबाईंना मी फोन केला तेव्हा कळलं की मेसेज त्यांनी स्वतःच्याच काळजीपोटी पुढे पाठवला होता. त्यांच्याही कागदावर ४ सेंटिमीटरची गाठ आहे, बाहेरच्या अंगाला, त्रास काही नाही. "मग आता काय करू वहिनी?" म्हणाल्या. मी सांगितलं, हिमोग्लोबिन तपासा, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा, आणि हा जुना कागद पत्र्याच्या पेटीत नीट ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना गाठ वाढली की नाही ते त्याच्यावरूनच कळणार आहे.