देणगीचं सोडा, फी आणि अटींचं बोला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

महामारीनंतर सगळ्यांना सोबत घेऊन उभं राहायचं, तर टेक कंपन्यांनी काय करायला हवं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नुसता टोमणा मारून गेला असतात तर मीही हात जोडून गप्प बसले असते. पण तुम्ही मुद्दे मांडलेत, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कंपन्यांनी कोविडमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले, कोट्यवधींच्या देणग्या दिल्या, तरी आमचं रडगाणं चालूच. गोरगरिबांचं बघणं हे सरकारचं काम, कंपनीने धंदा करावा. आज भाजीवालीच्या गाडीवरही क्यूआर कोड आहे, मग मागे राहिलं कोण? आणि शेवटी, 'एसीत बसून लिहायला काय जातं, उपाय सांगा.' (एसी नाही आमच्याकडे. पंखा आहे, तोही कुरकुरतो.)

देणग्यांचं आधी उरकते. त्या मदतीने माणसं वाचली, त्याबद्दल दुमत असायचं कारणच नाही. पण 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावतं. 28 मार्च 2020 ला पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीतली देणगीही त्यात धरायला परवानगी मिळाली. म्हणजे यातला बराचसा पैसा तसाही बाहेर पडणारच होता. माझा लेख त्याबद्दल नव्हताच. कॉन्सन्ट्रेटर वाटून झाले तरी कंपनीची फी, तिच्या अटी, तिचं अ‍ॅप जागच्या जागीच राहतं, आणि माणूस आत येतो की दारातूनच परत फिरतो हे तिथे ठरतं. मी लिहिलं होतं ते या दाराबद्दल.

उदाहरण देते. लॉकडाउनच्या काळात यूपीआय किती वाढलं ते तुम्ही अभिमानाने लिहिलंत, आणि ते बरोबरच आहे. मार्च 2020 मध्ये साधारण 125 कोटी व्यवहार झाले, एप्रिलमध्ये आकडा 100 कोटींच्या जरा खाली घसरला आणि ऑक्टोबरमध्ये 200 कोटींच्या पुढे गेला. स्मार्टफोन असलेल्याला यात सहसा फी मोजावी लागली नाही. दुकानदारावरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे त्याच्याकडून घेतली जाणारी फीसुद्धा 1 जानेवारी 2020 पासून शून्य होता. आता किपॅड फोनवाल्याचं बघा. त्याच्यासाठी *99# होतं. इंटरनेट नको, नंबर फिरवला की बँक समोर. पण त्याच्या एका वापराला टेलिकॉम कंपनी 50 पैशांपर्यंत आकारू शकत होती. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तो आकार शून्यावर आणला एप्रिल 2022 मध्ये, म्हणजे दुसरी लाट येऊन वर्ष उलटल्यावर. किपॅड फोनसाठीचं यूपीआय 123पे आलं 8 मार्च 2022 ला. थोडक्यात, महामारीच्या ऐन दोन वर्षांत ज्याच्याकडे महागडा फोन त्याला जवळजवळ सगळं फुकट, आणि ज्याच्याकडे साधा फोन त्याला खात्यात शिल्लक किती हे बघायलाही पैसे पडू शकत होते.

इथे तुम्ही म्हणाल, मग हे ट्रायचं काम होतं, कंपनीचं नाही. पण 50 पैसे ही वरची मर्यादा होती, सक्ती नव्हे. कंपन्यांनी आपणहून आकार सोडला असता तर त्यांचा हात कुणी धरणार नव्हतं. केनियात हेच घडलं. मार्च 2020 च्या मध्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेशी बोलून सफारीकॉम या टेलिकॉम कंपनीने आपल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर 1,000 शिलिंगपर्यंतचे पैसे एकमेकांना पाठवणं मोफत केलं. आधी 90 दिवसांसाठी, मग मुदत वाढवत वर्षाखेरपर्यंत. त्या आर्थिक वर्षात एम-पेसाचं उत्पन्न थोडं घटलं, वापरणारे मात्र वाढले. कंपनीचं दिवाळं वाजलं नाही आणि शहरात अडकलेल्या माणसाला गावी शे-दोनशे शिलिंग पाठवता आले. सरकारचं काम की कंपनीचं, हा वाद तिथे कुणी घालत बसलं नाही. दोघं एका टेबलाशी बसले.

आता तुमच्या क्यूआर कोडकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी वडापावची गाडी लावतात. गाडीवर क्यूआर आहे, साउंडबॉक्स आहे. पैसे आले की तो मराठीत रक्कम सांगतो. मला ही वस्तू फार आवडते. मावशींना मेसेज वाचता येत नाही, हात बेसनात असतात, आणि 'पैसे पाठवलेत' म्हणून नुसता स्क्रीन दाखवून सटकणाऱ्यांना या डब्याने चाप लावलाय. दान नाही, उपकार नाही, गिऱ्हाइकाची अडचण ओळखून केलेला चोख धंदा. पण खातं कुणाचं? मुलाचं. मावशींचा फोन किपॅडचा, म्हणून कोड मुलाच्या स्मार्टफोनवर काढलेला. डब्यात स्वतःचं सिम असल्याने मुलगा कामाला गेला तरी तो बोलत राहतो. मावशींना पैसे आल्याचं ऐकू येतं, हातात येत नाहीत. सकाळी मंडईत बटाटे घ्यायला रोकड लागते, ती मुलाकडे मागायची. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेच्या अर्जाला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर लागतो. तोही मुलाचाच, तेव्हा ओटीपीसाठी त्याची सुट्टी बघायची. कोड गाडीवर चिकटला म्हणजे गाडी चालवणारी बाई आत आली, असं नाही होत.

स्वनिधीचंच पुढे बघा. 1 जून 2020 ला योजना सुरू झाली, तेव्हा पहिलं कर्ज विनातारण 10,000 रुपयांचं होतं. योजना चांगली, वाद नाही. डिजिटल व्यवहार केले तर महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅकही ठेवला होता. पण पूर्ण शंभर मिळवायला महिन्यात 200 व्यवहार हवे होते आणि प्रत्येक किमान 25 रुपयांचा. कटिंग दहाची, वडापाव पंधराचा. एकट्याने येऊन एक वडापाव खाऊन जाणारा हिशेबातच नव्हता. आणि मिळालाच पूर्ण कॅशबॅक, तर साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं शंभराच्या आसपास. एका खिशातून दुसऱ्यात. 25 ची अट सरकारची, कबूल. पण गाडीवरचं गिऱ्हाईक एका वेळी किती रुपये मोजतं, हे दिल्लीतल्या कचेरीपेक्षा पेमेंट कंपन्यांना जास्त पक्कं ठाऊक असतं. रोजचा डेटा त्यांच्याकडेच असतो.

खाऊगाड्या डिलिव्हरी अ‍ॅपवर आल्या याचंही तुम्ही कौतुक केलंत. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने स्विगीबरोबर करार केला तेव्हा सुरुवात अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली, इंदूर आणि वाराणसीतल्या 250 विक्रेत्यांपासून झाली. फेब्रुवारी 2021 मध्ये झोमॅटोबरोबर झाला त्यात सहा शहरांतले 300 जण होते, आपलं नागपूर त्यातलंच. मला यात अ‍ॅपपेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. या विक्रेत्यांना पॅन काढायला आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करायला मदत मिळणार होती. ही नोंदणी तेव्हा वर्षाला 100 रुपयांत व्हायची, पण फॉर्म भरणार कोण? पंधराच्या वडापाववर पॅकिंग, कमिशन आणि डिलिव्हरी बसवणं अवघडच आहे. तो कागद मात्र अ‍ॅप बंद पडलं तरी गाडीवाल्याकडे राहतो.

कोविन या लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलचं कौतुक मलाही आहे, पण मे 2021 विसरू नका. 18 ते 44 वयोगटाला सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती, आणि पोर्टल मराठीत आलं जूनमध्ये. त्या आठवड्यांत आयटीतल्या मुलांनी स्लॉट उघडला की फोन वाजेल असे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लिहिले. हेतू वाईट नव्हता. झालं असं की पुण्या-मुंबईची मंडळी गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रांवर पोचली आणि गावचे लोक रांगेबाहेर उभे राहून बघत राहिले. 24 मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली.

डिलिव्हरीच्या मुलांबद्दल तुम्ही 'रोजगार दिला ना' म्हणता. दिला, अपघात विमाही काहींनी दिला. पण कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत झाली आणि ती लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला. मधली पाच वर्षं कुणी कायद्याची वाट बघायलाच हवी होती का?

उपाय विचारलात, तर माझी मागणी मावशींच्या गाडीपुरतीच आहे. किपॅड फोनवर आणि त्यांच्याच नावावर व्यापारी खातं निघावं, तेही मुलाला मध्ये न घेता. पहिलं वर्षभर साउंडबॉक्सचं भाडं नको. आणि त्यांच्या विक्रीचा वर्षाचा हिशेब मराठीत, कागदावर, त्यांच्या हातात पडावा, म्हणजे तो घेऊन त्या कुठल्याही बँकेत कर्ज मागू शकतील. आज तो हिशेब कंपनीकडे असतो आणि त्याच्या जोरावर कर्जाची ऑफर कंपनीच देते, हप्ता रोजच्या गल्ल्यातून कापून घेते.

तुम्ही पेमेंटच्याच क्षेत्रात आहात असं लिहिलंत. तुमच्या टीममध्ये नवं काही तपासताना टेबलावर एखादा किपॅड फोन असतो का, तेवढं जरूर कळवा. असेल तर पुढचा लेख त्यावर, आणि त्यात टीका नसेल.