निद्रानाशावरील ऑनलाइन उपचार : एका दाव्याचा प्रतिवाद

सध्या सर्वत्र फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे : निद्रानाशावरील ऑनलाइन संज्ञानात्मक वर्तनोपचार (झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार) म्हणजे ‘रात्री चहा टाळा, खोलीत अंधार ठेवा’ असे सल्ले विकत देणे, मोबाईलच्या ज्या पडद्यामुळे झोप उडते त्याच पडद्यावर उपचार घेणे विसंगत, आणि खरा इलाज गोळीच.

यातील पहिले विधान सर्वाधिक दिशाभूल करणारे आहे. चहा-अंधाराचे सल्ले या उपचारात असतात, पण त्याचा गाभा वेगळाच आहे. समजा, एखादी व्यक्ती साडेआठ तास अंथरुणात पडून राहते आणि तिला झोप लागते जेमतेम साडेपाच तास. तर रोज सकाळी भरलेल्या झोपेच्या नोंदींवरून तिचा अंथरुणातील वेळच साडेपाच तासांवर आणला जातो, उठण्याची वेळ पक्की ठरवली जाते, आणि त्या वेळेपैकी सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे वाढवली जातात. पहिले काही दिवस हे फार जड जाते आणि दिवसा पेंग येते. याला सल्ला म्हणणे म्हणजे त्यामागचे कष्ट नाकारणे होय. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३०३ प्रौढांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला असा ऑनलाइन कार्यक्रम आणि दुसऱ्याला झोपेविषयी माहिती व सल्ले देणारे संकेतस्थळ मिळाले होते. वर्षभरानंतर पहिल्या गटातील निम्म्याहून अधिक लोक निद्रानाशाच्या लक्षणांतून बाहेर आले होते आणि दुसरा गट स्पष्टपणे मागे होता. उपचार आणि सल्ले यांची थेट तुलना यापूर्वीच झालेली आहे, एवढेच मजकूर लिहिणाऱ्याच्या निदर्शनास आणावेसे वाटते.

पडद्याचा आक्षेप लवकर निकालात निघतो. आठवड्याचा धडा दिवसा पाहता येतो, नोंद सकाळी होते, आणि अंथरुणात झोपेशिवाय काही करायचे नाही हा या उपचाराचाच नियम असल्यामुळे रात्रीचा मोबाईल त्यात आपोआप वर्ज्य ठरतो.

राहिली गोळी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांसाठी हाच वर्तनोपचार प्रथम द्यावा, गोळीचा विचार त्यानंतर आणि थोड्या काळापुरता करावा, अशी शिफारस केली. कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या ऑनलाइन कार्यक्रमाची शिफारस केली, तीही ज्यांना एरवी सल्ले किंवा झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या असत्या त्यांच्यासाठी. मात्र हे वाचून चालू असलेली गोळी कोणीही एकाएकी बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते.

मजकुरात न आलेले दोन आक्षेप मात्र खरे आहेत. झोपेचा वेळ आवळल्याने द्विध्रुवी विकार (बायपोलर) किंवा अपस्मार असलेल्यांचा त्रास बळावू शकतो आणि वाहनचालकांना अपघाताचा धोका संभवतो, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. मोठ्याने घोरत श्वास अडखळणाऱ्यांनीही. दुसरे असे की, असे कार्यक्रम अनेक जण अर्ध्यावर सोडतात. फोनवरून किंवा संदेशातून विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस सोबत असेल तर परिणाम अधिक चांगला मिळतो, आणि वर उल्लेखिलेले कार्यक्रम इंग्रजीत असल्यामुळे मराठी रुग्णाला त्या माणसाची गरज अधिकच भासेल.