‘बाप्तिस्मा घ्या, पासपोर्ट मिळवा’: हॉलंडबद्दलच्या एका खोट्या मेसेजला उत्तर

नगरच्या माझ्या मावशीने मला एक लांबलचक मेसेज पाठवला. ‘तू तिथेच राहतेस ना, हे खरं आहे का गं?’ एवढंच विचारलं असतं तर फोनवर सांगून मोकळी झाले असते. पण त्याआधीच तिने तो शेजारच्या ख्रिस्ती बाईंना वाचून दाखवला होता आणि ‘तुमच्या घरच्यांना त्या वेळी काय दिलं होतं हो?’ असंही विचारून बसली होती. कित्येक वर्षांचा शेजार, आणि त्या बाई आता मावशीशी बोलत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हॉलंडमधला ख्रिस्ती धर्म संपला. सगळ्या रिकाम्या चर्चच्या मशिदी झाल्या. उरलेसुरले मिशनरी इराण-अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासितांना पासपोर्टचं आमिष दाखवून बाप्तिस्मा देतात आणि त्यांच्या जोरावर धडाधड नवी चर्चं काढतात. तिथेही भागलं नाही की पैसे घेऊन महाराष्ट्रात येतात. सोबत फोटो, आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी ख्रिस्ती नाही. हॉलंडमध्ये, म्हणजे नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात राहते, आणि इथले चर्चचे लोक काय करतात ते डोळ्यांसमोर आहे.

पासपोर्टपासूनच सुरुवात करते, कारण त्याच मुद्द्याचं विष मावशीच्या दारापर्यंत पोचलं. नेदरलँड्समध्ये कोणाला आश्रय द्यायचा हे चर्च ठरवत नाही. ते काम सरकारच्या स्थलांतर खात्याचं, त्याला इथे ‘आयएनडी’ म्हणतात. पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, सही केलेला बाप्तिस्म्याचा दाखला पुढे केला म्हणून तिथे काम होत नाही. अर्जदाराला खोदून खोदून विचारतात: जुना धर्म का सोडलास, मन कसं बदलत गेलं, नव्या धर्माचं तुला काय ठाऊक आहे, आणि आता रोजच्या जगण्यात त्याचं काय करतोस? उत्तरं पटली नाहीत तर अर्ज फेटाळला जातो, मग तो माणूस दर रविवारी उपासनेला का येत असेना. हे इतक्यांदा घडलं की अशा प्रकरणांत धर्मांतर खरं वाटतं की नाही यावर तज्ज्ञांचं मत देणारी एक वेगळी समिती उभी राहिली. डच प्रोटेस्टंट चर्चचे माजी सरचिटणीस बास प्लेझियर यांच्या नावाने ती ओळखली जाते. आणि अर्ज मंजूर झाला तरी हाती पडतो तो मुदतीचा राहण्याचा परवाना. नागरिकत्व त्यानंतर कित्येक वर्षांनी, डच भाषेची परीक्षा देऊन.

मुळात धर्मांतराचा प्रश्न तिथे निघतो तो बक्षीस द्यायचं म्हणून नव्हे. इस्लाम सोडलेल्या माणसाला इराणला परत पाठवलं तर त्याच्या जिवाचं काय होईल, हे सरकारला तपासावं लागतं. आश्रय मिळावा म्हणून खोटं बोलणारे लोक असतात का? असतात. पाळकांनाही ती शंका येते. पण ‘काही जण खोटं बोलतात’ आणि ‘चर्च पासपोर्ट वाटतं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो जाणूनबुजून पुसला आहे.

बाप्तिस्म्याने पासपोर्ट मिळत असता तर द हेगमधल्या बेथेल चर्चमध्ये जे घडलं ते घडायची गरजच नव्हती. एक आर्मेनियन कुटुंब, आई-वडील आणि तीन मुलं, सुमारे नऊ वर्षं या देशात राहत होतं. मुलं इथल्याच शाळा-कॉलेजांत वाढलेली. कुटुंब आधीपासूनच ख्रिस्ती. तरी सरकारने त्यांना परत पाठवायचं ठरवलं. डच कायद्यानुसार उपासना चालू असताना पोलिसांना प्रार्थनास्थळात शिरता येत नाही. म्हणून बेथेलच्या लोकांनी २६ ऑक्टोबर २०१८ ला उपासना सुरू केली आणि ती थांबवलीच नाही. रात्री दोन वाजताही कोणी ना कोणी पाळक वाचन करत असे, गीत म्हणत असे. वेगवेगळ्या पंथांचे शेकडो पाळक देशभरातून पाळी लावून आले, काही शेजारच्या देशांतूनही आले. सरकारने अशा मुलांची प्रकरणं पुन्हा तपासायचं मान्य केल्यावर ३० जानेवारी २०१९ ला ती उपासना संपली. ९६ दिवस. ज्यांनी एका कुटुंबासाठी ९६ दिवस जागरण केलं त्यांना मेसेजमध्ये पासपोर्टचे दलाल म्हटलं आहे. मला याची चीड येते.

हाच आरोप आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षं चालू आहे. पोटासाठी बाटले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात नगर भागात मिशनने धान्य दिलं, कामं दिली आणि त्यानंतर बाप्तिस्मे वाढले, हे नाकारता येणार नाही. पण ज्या माणसांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ज्यांच्या मुलांना शाळेत बसू देत नव्हते, ती माणसं पाटी-पेन्सिल देणाऱ्याकडे गेली, तर त्यांच्या पणतवंडांना ‘काय मिळालं होतं’ असं विचारण्याचा अधिकार कोणाला? आणि कवी ना. वा. टिळकांना काय मिळालं होतं? १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या.

आता फोटो. मेसेजमध्ये सगळ्यात वर मास्त्रिख्तच्या पुस्तकांच्या दुकानाचा फोटो आहे, उंच दगडी कमानींखाली पुस्तकांची कपाटं. खाली ओळ: ‘भक्त उरले नाहीत म्हणून चर्चचं दुकान झालं.’ ते डॉमिनिकन चर्च फ्रेंच सैन्याने शहर घेतलं तेव्हा, १७९० च्या दशकात, बंद झालं. म्हणजे पेशवाईत. त्यानंतर दोनशे वर्षं ते गोदाम होतं, सायकली ठेवायची जागा होती, आणखी काय काय होतं. पुस्तकं आली ती २००६ मध्ये. आजच्या निधर्मीपणाशी त्याचा काही संबंध नाही.

मशिदीचा फोटो मात्र खरा आहे. ॲमस्टरडॅममधली रोझनग्राख्तवरची फातिह मशीद पूर्वी कॅथलिक चर्च होती. पण ते चर्च १९७० च्या दशकातच बंद पडलं होतं आणि मशीद झाली १९८१ मध्ये. बंद पडलेल्या चर्चचं पुढे काय काय होतं पाहा: ॲमस्टरडॅमचं पॅराडिसो १९६८ पासून संगीताच्या कार्यक्रमांचं सभागृह आहे, आर्नहेमच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये पोरं स्केटबोर्ड खेळली. कुठे घरं, कुठे वाचनालय. एका मशिदीचा फोटो दाखवून ‘सगळ्या’ म्हणणं ही लबाडी आहे.

आकडेच हवे असतील तर डच सरकारच्या सांख्यिकी संस्थेचे घ्या. २०१७ मध्ये पहिल्यांदाच पंधरा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक लोकांनी, म्हणजे ५१ टक्क्यांनी, आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सांगितलं. कॅथलिक २४ टक्के, प्रोटेस्टंट १५, मुस्लिम ५. निधर्मींचा वाटा त्यानंतर आणखी वाढला. तेव्हा चर्चला उतरती कळा लागली आहे, हे मेसेजचं म्हणणं मला मान्य करावंच लागतं. २००४ मध्ये तीन चर्च एकत्र येऊन झालेल्या प्रोटेस्टंट चर्चचे सभासदही तेव्हापासून घटतच आहेत. पण चर्च सोडलेली ही माणसं मशिदीत गेलेली नाहीत. ती रविवारी घरी असतात. ही गळती १९६० च्या दशकापासूनची आहे. त्याआधी कॅथलिक मूल कॅथलिक शाळेत जाई, कॅथलिक वर्तमानपत्र वाची, कॅथलिक संघात फुटबॉल खेळे. प्रोटेस्टंटांचंही तसंच. ही वेगवेगळी घरं मोडली आणि त्यांबरोबर चर्चची सवयही गेली. त्यात निर्वासितांचा हात कुठून आला?

‘धडाधड नवी चर्चं’ याबद्दल. प्रोटेस्टंट चर्चने गेल्या काही वर्षांत शंभरावर नव्या लहान मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचे गट, सुरू केल्या हे खरं आहे. त्यांपैकी बऱ्याच चर्चच्या इमारतीत भरतही नाहीत. एखाद्या कॅफेत, वस्तीच्या सभागृहात, एकत्र जेवणापासून सुरुवात होते. सगळ्या टिकत नाहीत. आणि यातून मोठी लाट येईल असा दावा इथले जाणकारच करत नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये नवी मंडळी उभी करण्यात स्वतः भाग घेतलेले प्राध्यापक स्टेफान पास यांनी २०१६ मध्ये या विषयावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी चर्चं काढली की ख्रिस्ती वाढतात, या अमेरिकेतून आलेल्या ठाम समजुतीला युरोपात भक्कम पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. नव्या मंडळीत येणारे पुष्कळ जण दुसऱ्या चर्चमधूनच आलेले असतात. तरीही नव्या मंडळी हव्यात, कारण जुन्या चर्चना जे करून बघता येत नाही ते तिथे करून बघता येतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक गोळा करणारा माणूस स्वतःच्या कामाची अशी झाडाझडती घेत नाही. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची चाकोरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला होता, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. तेव्हा हे आपल्याला अगदीच अनोळखी वाटायला नको.

राहिला पैशांच्या थैल्यांचा मुद्दा. डच लोक आपल्याकडे आले ते वेंगुर्ल्याला वखार घालायला, व्यापारासाठी. मराठी मुलखात प्रोटेस्टंट मिशनचं काम प्रामुख्याने अमेरिकन आणि स्कॉटिश लोकांनी केलं, तेही एकोणिसाव्या शतकात. उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चं १९७० मध्ये नागपुरात एकत्र आली, डच चर्चच्या एकत्र येण्याआधी चौतीस वर्षं. नगरच्या मंडळी आज नगरची माणसं चालवतात. उलट ॲमस्टरडॅमच्या बाइलमर भागात रविवारी भरणाऱ्या चर्चपैकी कितीतरी घाना-नायजेरियातून आलेल्या लोकांनी उभी केलेली आहेत. त्यांतले अनेक पाळक उघडपणे सांगतात की आम्ही डच लोकांना शुभवर्तमान सांगायला आलो आहोत.