तिकीट ब्लॅक करणारा आता आतच बसलाय

म्युझिक फेस्टिवलचं तिकीट महाग आहे म्हणून मी रडत नाहीये. स्टेज, साउंड, लाइट, क्रू, विमा, सिक्युरिटी, कलाकारांचं मानधन, सगळ्याला पैसा लागतो, मान्य. डोक्यात जातं ते वेगळंच. जाहीर केलेली किंमत मोजायला मी तयार आहे, पण त्या किमतीला तिकीट मिळतच नाही. आणि तेच तिकीट तासाभरात शेजारच्या टॅबमध्ये तिप्पट भावाने पडलेलं असतं. एखाददुसरं नाही, ढिगाने. आणि म्हणे सोल्ड आउट!

परवाचाच सेल घ्या. आधी ती वेटिंग रूम. पान रिफ्रेश केलंत तर नंबर जाईल, अशी धमकी. एका पट्टीवर एक चिमुकला माणूस मुंगीच्या पावलांनी सरकतोय आणि मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून त्याच्याकडे डोळे लावून बसलोय. एकदाचा नंबर लागला, तर आता तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा. सिग्नलचा खांब धरायचा की नाही, देव जाणे! धरला. चुकलं, पुन्हा करा. तोवर सगळ्यात स्वस्त कॅटेगरी करडी झालेली. तिच्या वरच्या कॅटेगरीवर बोट ठेवलं तर दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतली. म्हणजे मी माणूस आहे याचा पुरावा माझ्याकडे मागायचा, आणि बॉटवाल्यांनी, म्हणजे माणसाऐवजी आपोआप बटणं दाबणारे प्रोग्राम चालवणाऱ्यांनी, पोत्याने तिकिटं उचलून न्यायची? बॉट वापरून तिकिटं लाटण्याविरुद्ध अमेरिकेने २०१६ साली कायदा केला. त्याखाली पहिली कारवाई व्हायला २०२१ उजाडलं. घ्या!

बरं, तिकीट मिळालंच तरी सुटका नाही. शेवटच्या पानावर बुकिंग फी, प्रोसेसिंग फी, आणि माझी सगळ्यात लाडकी, ई-तिकीट डिलिव्हरी फी. एक ईमेल पाठवायचे पैसे! आणि तेही दर तिकिटामागे, चार घेतली तर चारदा, ईमेल मात्र एकच. हा पैसा कुणाच्या खर्चाला लागतो ते कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये द क्यूर बँडच्या अमेरिका दौऱ्यात काही स्वस्त तिकिटांवर फी तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त झाली होती. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने जाहीर बोंब मारली, तेव्हा तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीने सगळ्यात स्वस्त तिकिटांवर १० डॉलर आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत केले. म्हणजे परत करता येत होते तर! मग आधी कशाला कापले? आणि ज्यांच्या आवडत्या गायकाला बोंब मारायला वेळ नाही त्यांनी काय करायचं?

आता रीसेल. पूर्वी थिएटरबाहेर ब्लॅकवाला उभा असायचा, तो निदान पोलीस दिसला की पळायचा. आता त्याला ॲप आहे, स्टार रेटिंग आहे, आणि तो पळत नाही, कारण तिकीट विकणारी साइटच त्याची भागीदार आहे. विकणाऱ्याकडून कमिशन, घेणाऱ्याकडून पुन्हा फी. तिकीट जितक्या वेळा हात बदलेल तितक्या वेळा गल्ल्यात पैसे. मग त्या साइटला काळाबाजार थांबवायची घाई कशाला असेल? हे मी जळफळाटातून बोलत नाहीये (जळफळाट आहेच, पण ते सोडा). सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, टिकेटमास्टर आणि तिच्या लाइव्ह नेशन या मूळ कंपनीवर नेमका हाच दावा ठोकला: दलालांनी पहिल्यांदा तिकीट घेतलं तेव्हा फी, त्यांनी ते पुन्हा विकलं तेव्हा फी, आणि ज्याने विकत घेतलं त्याच्याकडून पुन्हा फी. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. पण कुंपणच शेत खात असेल तर राखणदारी कुणाकडे मागायची?

आणि रीसेलला पैसे ओतूनही हातात काय पडतं? एक स्क्रीनशॉट. 'क्यूआर कोड कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येईल.' येईल ना? काही महाभाग तर हातात नसलेलं तिकीट विकतात. आधी तुमच्याकडून पैसे घ्यायचे, मग भाव पडला की कुठून तरी स्वस्तात उचलून तुमच्या गळ्यात मारायचं, आणि नाहीच मिळालं तर रिफंड. रिफंड! प्रवासाचं आणि राहण्याचं बुकिंग तुमचा काका भरणार का?

यावर कुणीतरी शहाणा येऊन सांगतोच, 'मागणी-पुरवठा आहे बाबा, बाजार असाच चालतो.' अरे, कसला बाजार? वरचे दोन तृतीयांश पैसे घेणाऱ्याने ना एक स्पीकर उचलला, ना एक सूर लावला. कलाकाराला त्यातला छदाम जात नाही. याने फक्त माझ्या आधी बटण दाबलं, तेही स्वतःच्या बोटाने नाही.

आणि हे रोखता येत नाही, असं तर मुळीच सांगू नका. ब्रिटनमधल्या ग्लॅस्टनबरी फेस्टिवलचं तिकीट घ्यायला आधी फोटोसकट नोंदणी करावी लागते, तिकिटावर तुमचा फोटो छापलेला असतो, ते दुसऱ्याला देता येत नाही. जमत नसेल तर मुदतीत परत करा, ते वसंतात अधिकृत रीसेलमधून दुसऱ्याला जातं. २०२५ ची तिकिटं ३७३ पौंड ५० पेन्स आणि वर ५ पौंड बुकिंग फी, म्हणजे स्वस्त अजिबात नाहीत. ती सुमारे ३५ मिनिटांत संपली. ज्यांना मिळाली नाहीत ते चडफडले असणारच, पण निदान तेच तिकीट दुसऱ्या टॅबमध्ये त्यांच्याकडे बघून दात काढत नव्हतं. आयर्लंडने २०२१ मध्ये छापील किमतीच्या वर विकण्यावर कायद्यानेच बंदी घातली. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसाच कायदा करायचं जाहीर केलं. म्हणजे करायचं ठरवलं की करता येतं. ज्यांचं पोट त्यावर भरतं त्यांना करायचं नाही, एवढंच.

त्यात ते अर्ली बर्ड! कोण गाणार ते ठरायच्या आधी पैसे द्या, म्हणजे स्वस्त. नावं जाहीर झाली की भाव वर. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तोच आला नाही तर? 'लाइन-अपमध्ये बदल होऊ शकतो', खाली, बारीक अक्षरात.

मी आता ठरवलंय, तिप्पट देणार नाही म्हणजे नाही. फेस्टिवल संपला की न विकलेल्या तिकिटाची रद्दीही होत नाही, आणि हे त्या दलालांनाही पक्कं ठाऊक आहे. शेवटच्या दोन दिवसांत भाव घसरतो तो त्यामुळेच. आत्ता पुन्हा पाहिलं, तिप्पटचा अडीचपट झालाय आणि वर लाल अक्षरात 'शेवटची काही तिकिटं'. कालही शेवटचीच होती. बसा म्हणावं अंडी उबवत!